आठची नळी म्हणजे नक्की कुठे आठ?

प्रति,
मा. संपादक,

विषय : मोटारींच्या इंधन नळ्या आणि त्यांच्या जोडण्यांची मापं

सप्रेम नमस्कार.

चालत्या गाडीनं पेट घेतल्याची बातमी वर्तमानपत्रात येते, तेव्हा तिचं शेवटचं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : शॉर्टसर्किटमुळे आग लागली असावी, असा प्राथमिक अंदाज. वायरिंगमुळे आगी लागतात, याबद्दल वाद नाही. पण ठिणगीला जळण लागतं, आणि बॉनेटखाली सगळ्यात चटकन पेट घेणारी गोष्ट म्हणजे पेट्रोलची वाफ. उणे चाळीस अंश सेल्सिअसलाही पेट्रोल पेटण्याजोगी वाफ सोडतं. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे खालच्या कोपऱ्यांत साचून राहते, आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं तरी तेवढं पुरतं. ही वाफ बाहेर आली कुठून, हे मात्र बातमीत कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

मी इंधन यंत्रणेच्या दुरुस्तीचं काम करते. पंप, इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर, त्यांच्याआधीच्या काळातले कार्ब्युरेटर आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या नळ्या हे माझं रोजचं काम. पंप बिघडला की माणसं धावत येतात. नळीकडे कुणी बघत नाही, कारण ती स्वस्त आणि साधी वाटते. माझ्याकडे येणाऱ्या गळतीच्या गाड्यांमध्ये नळी जुनी होऊन फाटलेली असते, तशीच पुष्कळदा ती नवीकोरी पण चुकीच्या मापाची असते. ही चूक गॅरेजमध्ये होण्याआधी दुकानात झालेली असते. "आठची नळी द्या," असं गिऱ्हाईक म्हणतं, दुकानदार रिळावरून नळी कापून देतो, आणि आठ म्हणजे आतून आठ की बाहेरून आठ, हे दोघंही बोलत नाहीत.

रबरी नळी आतल्या व्यासानं ओळखली जाते. धातूचा पाइप बाहेरच्या व्यासानं ओळखला जातो. यामागे कारण आहे : नळी पाइपवर चढते, म्हणून नळीचं आतलं अंग आणि पाइपचं बाहेरचं अंग ही दोन मापं जुळायला हवीत. ८ मि.मी. बाहेरचा व्यास असलेल्या पाइपवर आतून ८ मि.मी. ची नळी बसते. इंचात ५/१६ म्हणजे ७.९४ मि.मी., तेव्हा ५/१६ ची नळीही तिथे नीट चालते. जुने कारागीर तिला अडीच सुती म्हणतात, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. १/४ इंच म्हणजे ६.३५ मि.मी. आणि ३/८ म्हणजे ९.५ मि.मी. घोटाळा या शेवटच्या दोन मापांनी होतो. ८ च्या पाइपला ६.३५ ची नळी ओढूनताणून चढते आणि ९.५ ची सहज सरकते. दोन्ही 'बसल्या' असंच वाटतं.

ढिल्या नळीचं काय होतं ते एका गाडीवरून सांगते. सकाळी गाडी सुरू करताना पेट्रोलचा वास येतो आणि थोडं अंतर चालली की जातो, अशी तक्रार होती. गाडी आधी दुसऱ्या ठिकाणी दोनदा दाखवून झाली होती. तिथे इंजेक्टरचे ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कड्या, बदलून दिले होते. फिल्टरच्या पुढच्या जोडणीजवळ गेल्यावर दिसलं की ८ च्या पाइपवर ३/८ ची नळी चढवून वर क्लॅम्प, म्हणजे नळी आवळून धरणारी धातूची पट्टी, करकचून आवळला होता. आता हिशेब बघा. ९.५ मि.मी. च्या नळीचा आतला घेर आणि ८ मि.मी. च्या पाइपचा बाहेरचा घेर यांत जवळजवळ ५ मि.मी. चा फरक पडतो. क्लॅम्प कितीही आवळला तरी हे पाच मिलिमीटर रबर कुठे नाहीसं होत नाही. परकराची नाडी ओढली की कापड जसं चुणत जातं, तसं ते क्लॅम्पच्या स्क्रूपाशी एका जागी दुमडतं, आणि दुमडीच्या पोटात पाइपच्या लांबीनं एक बारीक वाट उघडी राहते. थंडीत रबर आकसून कडक होतं, तेव्हा किल्ली फिरवून पंप चालू झाला की त्या वाटेनं पेट्रोल झिरपतं. इंजिन तापलं की रबर मऊ होऊन फुगतं आणि वाट बंद होते. म्हणून गॅरेजमध्ये गरम गाडी तपासणाऱ्याला काहीच सापडत नव्हतं. नळी कापून उभी चिरली, तर आतल्या अस्तरावर त्या दुमडीची रेघ नखाला लागत होती.

उलटी चूक म्हणजे लहान नळी जबरदस्तीनं चढवणं. ही लगेच गळत नाही, म्हणून जास्त फसवी. टोकाशी रबर कायम ताणलेलं राहतं. इंजिनच्या उष्णतेनं ते कडक होत जातं आणि काही काळानं नळीच्या तोंडाशी उभी भेग पडते. ती भेग क्लॅम्पच्या खालपर्यंत पोचली की गळती. नळी चढवताना इंजिन ऑइलचा एखादा थेंब लावून हातानं फिरवत ढकलली तर योग्य मापाची नळी बसते. त्यासाठी गरम पाणी किंवा पकड लागत असेल, तर थांबून व्हर्नियर, म्हणजे व्यास मोजायचं सरकत्या जबड्यांचं माप, हातात घ्यावा. व्हर्नियर नसेल तर ड्रिलच्या ८ आणि ९.५ मि.मी. च्या बिटांचा गुळगुळीत दांडा नळीत घालून बघितला तरी आतलं माप कळतं.

पाइपच्या टोकाजवळ एक गोल उंचवटा असतो, त्याला आम्ही मणी म्हणतो. नळी त्या मण्यावरून पलीकडे बऱ्यापैकी आत गेली पाहिजे आणि क्लॅम्पही मण्याच्या त्याच पलीकडच्या बाजूला बसला पाहिजे. मण्यावर बसवलेला क्लॅम्प घसरतो, आणि नळीच्या अगदी कडेला बसवलेला रबर कापतो. पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे सिलिंडरच्या बाहेर हवेच्या वाटेत पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत साधारण ३ ते ४ बार दाब असतो (एक बार म्हणजे जवळजवळ हवेच्या दाबाइतका). ८ मि.मी. च्या तोंडावर ३ बार म्हणजे दीड किलोच्या आसपासचा जोर नळीला पाइपवरून बाहेर ढकलत असतो, आणि इंजिन चालू असेपर्यंत तो हटत नाही. गुळगुळीत, मणी नसलेल्या कापलेल्या पाइपवर नुसत्या क्लॅम्पच्या भरवशावर नळी ठेवणं मला कधीच मान्य होत नाही. पाइप कापावाच लागला, तर त्याच्या टोकाला मणी काढून घ्यायचं अवजार मिळतं.

क्लॅम्पबद्दल थोडक्यात. पट्टीला आरपार चिरा असलेला, स्क्रूनं आवळायचा क्लॅम्प पाण्याच्या होजला चालतो. इंधनाच्या बारीक नळीवर त्या चिरांमधून रबर वर येतं आणि कापलं जातं. शिवाय लहान व्यासावर तो गोल न राहता अंडाकृती आवळतो. इंजेक्शनच्या नळीसाठी कडा वळवलेला, बिनचिरांचा, नट-बोल्टचा छोटा क्लॅम्प वेगळा येतो. त्यालाही माप असतं, आणि ते नळीच्या बाहेरच्या व्यासाचं असतं. म्हणजे एकाच जोडणीत पाइपचा बाहेरचा, नळीचा आतला आणि नळीचा बाहेरचा अशी तीन मापं आली. दुकानात आपण एकच आकडा सांगतो.

टाकी आणि पंप यांच्यामधल्या ओढीच्या बाजूला, म्हणजे जिथे पंप इंधन शोषून घेतो तिथे, ढिली जोडणी वेगळाच त्रास देते. तिथून इंधन बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमीन कोरडी, वास नाही, आणि गाडी चढावर दम तोडते. डिझेलच्या गाड्यांत हे फार होतं. पंप बदलला, इंजेक्टर तपासले, तरी सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. अशा वेळी मी फिल्टरच्या पुढे तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडते आणि इंजिन चालू ठेवून त्याच्याकडे बघते. बुडबुड्यांची माळ जाताना दिसली की पंपाला दोष देणं थांबवून टाकीकडे एकेक जोडणी तपासत जायचं. इंधन टाकीत उतरून जाण्याचा दोषही बहुतेकदा तिथेच सापडतो.

नळीचा व्यास बदलला की इंधनाची वाटही बदलते. ८ ऐवजी ६ मि.मी. ची नळी टाकली तर आतलं क्षेत्रफळ जवळजवळ निम्म्यावर येतं, साधारण ५६ टक्के. तेवढंच इंधन त्यातून न्यायचं तर दाबाचा ऱ्हास तिपटीहून जास्त होतो. संथ चालीत काही जाणवत नाही. जोर मागितला की इंजिन उपाशी राहतं. परतीच्या नळीत, म्हणजे जास्तीचं इंधन टाकीकडे नेणाऱ्या नळीत, हीच अडचण उलट दिशेनं दिसते : परतीची वाट अरुंद झाली की दाब ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरला तो कमी करता येत नाही आणि गाडी जास्त पेट्रोल पिते. परतीच्या नळीत दाब कमी असतो म्हणून तिथे हाताला लागेल ती नळी टाकायची सवय आहे. ती सोडली पाहिजे.

माप जुळलं तरी नळीची जात बघावी लागते. इंधनाच्या नळीवर लांबीभर छापलेलं असतं. एसएई या अमेरिकी वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकातली जे३० आर७ म्हणजे कार्ब्युरेटरच्या काळातली, कमी दाबाची नळी. लहान मापांत तिची मर्यादा साधारण ५० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), म्हणजे साडेतीन बारच्या खाली. कार्ब्युरेटरला ३ ते ६ पीएसआय लागतात, तिथे ती उत्तम. पण इंजेक्शनच्या गाडीत ती मर्यादेवरच काम करू लागते. तिथे आर९ हवी, जिची मर्यादा १०० पीएसआय आहे आणि जिचं अस्तरही वेगळं असतं. दोन्ही काळ्या, दोन्ही ८ च्या, हातात घेतल्यावर जवळजवळ सारख्या. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेल्या पंपाला लागते ती आर१०. बाहेरची चांगली आर९ टाकीत टाकली तर तिचं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी केलेलंच नसतं. ते मऊ होतं, फुगतं आणि सुटू लागतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुन्या प्रकारचं रबर लवकर खराब होतं, तेव्हा नळी इथेनॉलला चालणारी आहे ना, हेही विचारावं. सिलिंडरमध्येच इंधन फवारणाऱ्या थेट इंजेक्शनच्या इंजिनात उच्च दाबाच्या पंपापुढे कितीतरी पट, दोनशे-साडेतीनशे बारपर्यंत, दाब असतो. तिथे रबरी नळीचा विचारही करायचा नाही. तिथला पोलादी पाइप मूळ मापाचाच लागतो, आणि अनेक उत्पादक तो एकदा सोडला की नवीनच टाकायला सांगतात.

आता आट्यांकडे येते. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

फिटिंग, म्हणजे नळी पंपाला किंवा फिल्टरला जोडणारा आट्यांचा तुकडा, हातानं दोन फेरे फिरलं की ते 'आपलंच' असं माणूस धरून चालतो. पंपाच्या किंवा फिल्टरच्या अंगावर एम१० × १ चे आटे असतात, म्हणजे व्यास १० मि.मी. आणि दोन आट्यांत १ मि.मी. अंतर. त्याच्या जोडीला १/८ बीएसपी चं, म्हणजे ब्रिटिश पाइप मानकाचं फिटिंग हाती येतं. नावात १/८ इंच आहे, म्हणजे तीन-साडेतीन मिलिमीटर असेल असं वाटावं, पण पाइपच्या आट्यांची नावं जुन्या काळच्या पाइपच्या पोकळीवरून पडलेली आहेत. प्रत्यक्षात तो आटा बाहेरून ९.७३ मि.मी. भरतो. इंचाला २८ आटे, म्हणजे दोन आट्यांत ०.९१ मि.मी. ते एम१० च्या भोकात सहज शिरतं. पहिल्या फेऱ्यात काही कळत नाही. पाचव्या आट्याला दोघांच्या अंतरात जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची तफावत साठलेली असते आणि फिटिंग अडतं. अडलं की माणसाला वाटतं बसलं, आणि तो पाना लावतो. पोलादाचं फिटिंग, ॲल्युमिनियमचा पंप. कोणाचे आटे जाणार ते उघड आहे.

१/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकी पाइप मानकाचा आटा, हे तिसरं भावंड : बाहेरून १०.३ मि.मी., इंचाला २७ आटे, आट्याचा कोन ६० अंश. बीएसपीचा कोन ५५ अंश. एनपीटी निमुळतं असतं, दर सोळाला एक या उतारानं, आणि ते आट्यांवरच घट्ट होऊन गळती थांबवतं. सरळ आट्याच्या भोकात ते आवळलं की पाचरीसारखं आत जाऊन धातूला तडा देतं. तिघं शेजारी ठेवले तरी नजरेला फरक कळत नाही. आटे मोजायची कंगव्यासारखी पट्टी मिळते, तीच इथे खरं सांगते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पान्याआधी ती पट्टी हातात देते.

शर्यतीच्या आणि सुधारलेल्या गाड्यांमुळे एएन फिटिंगही आता सगळीकडे दिसतात. ही पद्धत अमेरिकी लष्कर आणि नौदलाच्या मानकांतून आलेली आहे. त्यातला आकडा इंचाच्या सोळाव्या भागात पाइपचा बाहेरचा व्यास सांगतो : सहा म्हणजे ६/१६, अर्थात ३/८ इंच, आठ म्हणजे अर्धा इंच. मि.मी. मधला आठ तो हा आठ नव्हे, आणि दुकानात "आठचं फिटिंग" म्हटल्यावर दोन्ही समोर येऊ शकतात. सहा नंबरची रबरी नळीसुद्धा आतून पूर्ण ३/८ भरत नाही, जरा कमीच असते, त्यामुळे साधी ३/८ ची नळी त्या फिटिंगसाठी आहे असं समजू नये. टेफलॉनच्या नळीची फिटिंगही वेगळी, तिला आत एक छोटी पितळी किंवा धातूची कडी लागते. रबरी नळीच्या फिटिंगमध्ये ती धरत नाही.

एएन फिटिंग आट्यांवर गळती थांबवत नाही, ३७ अंशांच्या शंकूवर थांबवते. तसंच दिसणारं ४५ अंशांचं फिटिंगही बाजारात असतं. चार, पाच आणि आठ या नंबरांत दोघांचे आटे तंतोतंत एकच आहेत, तेव्हा ते पूर्ण फिरतं, घट्ट होतं, आणि तरीही शंकू शंकूवर न बसता फक्त एका कडेवर टेकतो. मग गळतं, मग माणूस टेफलॉनची पट्टी गुंडाळतो. शंकूच्या जोडणीत आट्यांवर पट्टी गुंडाळून उपयोग नाही. ती गळती जिथे आहे तिथे पोचतच नाही, आणि तिचे तुटलेले तंतू पुढे इंजेक्टरच्या जाळीत जाऊन बसतात. इंजेक्टर साफ करताना असे पांढरे तंतू मी चिमट्यानं काढलेले आहेत.

बॅन्जो जोडणीचे, म्हणजे गोल कडीतून पोकळ बोल्ट घालून केलेल्या जोडणीचे, तांब्याचे वायसर दर वेळी नवे टाकावेत. एकदा दाबलेलं तांबं कडक होतं. आणि टिचकीनं बसणाऱ्या प्लास्टिकच्या जोडणीत आवाज आला तरी एकदा मागे ओढून बघावी. ५/१६ आणि ३/८ अशी मापं त्यातही असतात, आणि पाइपचं टोक मूळ घाटाचं नसेल तर ती अडकल्यासारखी वाटून दाबाखाली सुटते.

संपादक महोदय, या पत्रातून माझ्या मागण्या साध्या आहेत. इंधनाची नळी विकणाऱ्यांनी रिळावरून कापलेल्या तुकड्यावर छापील ओळ राहील असा तुकडा द्यावा, आणि तुकडा लहान असेल तर बिलावर आतला व्यास, मानक आणि उत्पादनाची तारीख लिहावी. फिटिंगच्या पुडक्यावर नुसता एक आकडा न छापता आट्याचं पूर्ण नाव, दोन आट्यांमधलं अंतर आणि शंकूचा कोन छापावा. ज्यांचे आटे सारखे आणि कोन वेगळे आहेत त्यांच्यावर तर ठळक छापावा. गॅरेजवाल्यांनी जॉब कार्डावर 'नळी बदलली' एवढंच न लिहिता कोणत्या मापाची आणि कोणत्या जातीची, ते लिहावं. पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होतो, आणि लिहायचं म्हटलं की बघावं लागतं.

गाडीच्या मालकांनी पेट्रोलचा वास ही किरकोळ तक्रार समजू नये. वास थंड गाडीत येतो की गरम, चढावर येतो की टाकी भरल्यावर, हे लक्षात ठेवून सांगावं. गळती शोधायला याहून मोठी मदत नाही. वास येत असताना गाडी चालवत दुरुस्तीला नेण्यापेक्षा कारागिराला गाडीपाशी बोलवावं.

आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती. गाडी जळाल्याची बातमी देताना चौकशी करणाऱ्यांना एवढं जरूर विचारावं, की गाडीच्या इंधन नळीचं काम अलीकडे झालं होतं का, आणि झालं असेल तर नळी कोणती टाकली होती. रबर जळून जातं, पण पोलादी क्लॅम्प, पाइपचा मणी आणि फिटिंगचे आटे बऱ्याचदा राखेतही शिल्लक राहतात, आणि त्यांची मापं तेव्हाही घेता येतात.

आपली,
इंधन यंत्रणेची दुरुस्ती करणारी एक नियमित वाचक